पार्लरातली ठकी

आयब्रो करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं. दुसरं टोक आणि मधला पीळ दोन्ही हातांच्या बोटांत. खुर्चीत मान मागे टाकून बसलेली बाई आपली पापणी आपणच ताणून धरते, तिच्या डोळ्यांत पाणी. अशा वेळी काउंटरवरचा फोन वाजला तर पार्लरवालीचे हात मोकळे नसतात आणि तोंडही. वॅक्सिंग चालू असेल तर जास्तच पंचाईत. हात मेणाने बरबटलेले, आणि पट्टी अर्धवट सोडून उठताही येत नाही. फोन वाजून वाजून थांबतो. पलीकडची बाई रागावत वगैरे नाही, ती पुढच्या पार्लरला फोन लावते. डोंबिवली पूर्वेला पुढचं पार्लर रस्ता ओलांडला की असतंच.

आमच्या वहिनींनी ठकीला कामाला ठेवली ती या दातातल्या दोऱ्यापायी. वहिनी म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात कैक वर्षं पार्लर चालवणाऱ्या. कॉलेजच्या पोरींपासून निवृत्त मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनीच. दोन खुर्च्या, पडद्याआड फेशियलचा एक बेड, डोकं धुवायचं एक बेसिन, हाताखाली दोन मुली. एक दिव्याहून येते, एक कोपरहून, आणि गिऱ्हाइकांमध्ये त्यांची ओळखही तीच: दिव्याची आणि कोपरची. ठकी तिसरी. तिला पगार नाही, भाडं आहे, आणि ते महिन्याच्या महिन्याला वहिनींच्या खात्यातून परस्पर कापलं जातं, मग पार्लर चालो न चालो.

भाडं घेणाऱ्या कंपनीने तिचं नाव मीरा ठेवलं होतं. कोपरचीने पहिल्या आठवड्यातच तिचं बारसं पुन्हा केलं. कुणी काहीही बोललं तरी भातुकलीतल्या लाकडी ठकीसारखं हिच्या आवाजातलं रंगवलेलं हसू हलत नाही, म्हणून ठकी.

दिसायला ती काहीच नाही. काउंटरवर गणपतीच्या तसबिरीखाली वहिनींच्या मुलाचा जुना फोन कायम चार्जरला लावलेला असतो. त्याच्या पडद्यावर दिवसाचे चौकोन दिसतात, भरलेले गुलाबी, रिकामे पांढरे. मुली त्या फोनलाच ठकी म्हणतात. पण तो फोन बंद पडला तरी ठकी चालू असते. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजना तीच उत्तर देते, आणि पार्लरचा नंबर चार वेळा वाजून कुणी उचलला नाही, की कॉल तिच्याकडे वळतो. तुमचं बोलणं आधी अक्षरांत उतरतं, ती अक्षरं भाषेच्या एका मोठ्या यंत्राकडे जातात, ते यंत्र वेळापत्रकात डोकावून उत्तर जुळवतं आणि उत्तराचा परत आवाज होतो. या सगळ्याला सेकंद-दीड सेकंद लागतो, आणि तेवढी शांतता आपल्याकडे कुणाला सोसत नाही. बायका लगेच ‘हॅलो? हॅलो?’ करतात. ठकीला वाटतं काहीतरी नवीन विचारलं, ती पहिलं उत्तर सोडून पुन्हा सुरुवात करते. दोन बायका एकाच दारातून एकदम बाहेर पडू पाहतात तसा हा प्रकार बराच वेळ चालतो.

सुरुवातीला ती फोनवर ‘नमस्कार, मी मीरा, आज मी आपली कशी मदत करू शकते?’ असं विचारायची. आपल्याला असं कुणी विचारलं तर क्रेडिट कार्ड विकायला फोन आलाय असं वाटतं. स्वतःच फोन लावलेला असूनही एक-दोघींनी ‘नको, नको’ म्हणून तो ठेवला. वहिनींनी कंपनीच्या मुलाला सांगून ते ‘बोला ताई’ असं करून घेतलं. तेव्हापासून सगळेच ताई. सिलिंडरवाला ताई, बायकोसाठी वेळ विचारणारा नवरा ताई, मेंटेनन्सची आठवण करायला फोन करणारे सोसायटीचे सेक्रेटरीही ताई. सेक्रेटरींनी ते मनाला लावून घेतलं.

पण मराठी तिला कळतं, हे मान्य करायला हवं. साडेपाच, पावणेसहा, दीड, सव्वाचार हे सगळं ती बिनचूक ओळखते. इंग्रजी माध्यमातल्या आमच्या पोरांना पावणेसहा म्हणजे किती हे विचारून बघा. ‘उद्या सिक्स थर्टीला हेअरकट आणि आयब्रो, आणि जमलं तर क्लीनअप’ अशी खिचडीही तिला पचते. यामागे बऱ्याच लोकांची मेहनत आहे. केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प २०२२ साली सुरू झाला, आयआयटी मद्रासमधला एआय-फोर-भारत हा गट भारतीय भाषांमधले बोललेले आवाज गोळा करतो. अशा कामांमुळेच आता मशीनला मराठी ऐकायला येऊ लागलं आहे. ती अडखळते ती ‘परवा’वर, कारण आपला परवा मागेही असतो आणि पुढेही. आणि अडखळते लोकलवर. ‘सातची फास्ट मिळाली तर सव्वाआठ, नाहीतर बघू’ असं एखादी म्हणाली, की ठकी सव्वाआठ लिहून मोकळी होते. आमच्याकडे संध्याकाळची वेळ घड्याळावर नसते, गाडीवर असते. ‘ठाणे सोडलं’ असा मेसेज आला, की वहिनी मेण गरम करायला ठेवतात. ठकी विचारते, ‘ताई, तुम्हाला कोणती सेवा हवी आहे?’

तिच्याआधी हे काम एक डायरी करायची. कॉस्मेटिकच्या डीलरने दिवाळीला फुकट दिलेली, पेन्सिलीने लिहिलेली, मधे दोऱ्याने शिसपेन्सिल बांधलेली. मी ती चाळली आहे. नावापुढे फुली म्हणजे सांगून न येणारी. गोल म्हणजे उशिरा येणारी. दोन गोल म्हणजे हिला अर्धा तास आधीची वेळ सांगायची. एका नावापुढे ‘बो’ लिहिलेलं होतं. ही बाई फार बोलते, तिला शेवटची घ्यावी, नाहीतर मागची रांग कोलमडते. एका नावापुढे नुसती टिंबं. ‘ते काय?’ असं विचारलं तर वहिनी म्हणाल्या, ‘तिच्या सासूची वेळ त्याच दिवशी द्यायची नाही.’ दिवसाला किती तास आहेत हे त्या डायरीत होतंच, शिवाय कोण कुणाच्या शेजारच्या खुर्चीत बसू शकतं हेही होतं. हेअर कलर डोक्यावर लागून मुरेपर्यंत पाऊण तास जातो, तेवढ्यात मधे दोघींचं थ्रेडिंग होतं, पण त्या दोघी कोण असाव्यात, म्हणजे कलरवालीला आपण ताटकळतोय असं वाटणार नाही, हा हिशोब वहिनींच्या डोक्यात असायचा. ठकीला कलरमधला हा मोकळा पाऊण तास शिकवता येतो आणि वहिनींनी शिकवलाही. कोणत्या दोघी, हे शिकवता येत नाही.

शिकवायचा प्रयत्न मात्र झाला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाखाली शेरा लिहायला ठकीकडे जागा आहे. एका रविवारी लोकलचा मेगाब्लॉक होता, गिऱ्हाईक कमी होतं, तेव्हा वहिनींनी बसून डायरीतले गोल आणि फुल्या तिथे मराठीत लिहून काढल्या. पुढच्या आठवड्यात बँकेत अधिकारी असलेल्या एका बाईंनी मेसेज टाकला: पाचऐवजी साडेपाचला आले तर चालेल का? ठकीचं उत्तर गेलं: ‘हो ताई, चालेल. तुम्ही तसंही सहसा वीस मिनिटं उशिरा येता अशी नोंद आहे.’ आणि पुढे गुलाबाचं फूल.

त्या दिवशी त्या बाई पाचला दहा मिनिटं असतानाच आल्या. पर्स मांडीवर घेऊन, भिंतीकडे बघत बसल्या. वहिनींनी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. फेशियल मात्र पूर्ण करून घेतलं आणि जाताना सुट्टे पैसे मोजून दिले, एरवी जी-पे करतात. वहिनींनी त्या रात्री सगळे शेरे पुसून टाकले. डायरी ड्रॉवरमधून पुन्हा वर आली ती तेव्हा. ठकीने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, हीच अडचण होती.

ठकीला दुसरं एक काम जमत नाही, आणि पार्लरचा निम्मा धंदा त्याच कामावर चालतो. ते म्हणजे मधेच बसवून घेणं. उद्या मुलीला बघायला येणार आहेत, आज संध्याकाळी इंटरव्ह्यूचं पत्र आलं, मुलीच्या शाळेत अचानक स्नेहसंमेलनात भाग मिळाला. अशा बायका वेळ मागत नाहीत, त्या वहिनींना मागतात. वहिनी म्हणतात, ‘ये गं, बसवते मधे.’ ठकीकडे गुलाबी चौकोन भरले म्हणजे भरले. ती अतिशय नम्रपणे गुरुवारची वेळ देते. मग वहिनींनी यावर तोड काढली. त्यांनी रोज संध्याकाळी पाच ते साडेपाचचा चौकोन एका न जन्मलेल्या बाईच्या नावाने कायमचा अडवून टाकला. नाव ठेवलं ‘आत्या’. बुकिंगला मोबाईल नंबर लागतोच, तो वहिनींनी स्वतःचाच दिला. झालं, रोज दुपारी तीन वाजता वहिनींच्या फोनवर मेसेज: ‘आत्या ताई, आज पाच वाजता तुमची वेळ आहे, वेळेवर यावे.’ ज्या दिवशी कुणी अडलेली येते त्या दिवशी आत्याची खुर्ची तिला मिळते. कुणीच आलं नाही तर मुली चहा पितात.

महिनाअखेरीला ठकी अहवाल पाठवते. रंगीत वर्तुळं वगैरे असतात. पहिल्याच अहवालात लिहून आलं, की आत्या या तुमच्या सर्वांत नियमित ग्राहक असून त्यांचं बिल शून्य आहे. त्यांना फेशियलवर सूट देऊ केल्यास उत्पन्न वाढू शकतं. वहिनी हे अजून प्रत्येकीला वाचून दाखवतात. दिव्याची म्हणते, ‘मॅडम, आत्याला हेअर स्पा सुचवा.’

पण त्याच अहवालात एक गोष्ट होती जिच्यावर कुणी हसलं नाही. दिव्याचीकडे कोपरचीपेक्षा बरंच जास्त काम गेलेलं दिसत होतं. दोघींना थोडा पगार आणि केलेल्या कामावर कमिशन, अशी रीत आहे. बहुतेक छोट्या पार्लरांत असंच असतं. गिऱ्हाइकाने कुणाचं नाव घेतलं नाही तर ठकी जी मोकळी असेल तिला काम देते. दोघी मोकळ्या असल्या तर यादीत जिचं नाव वर तिला. दिव्याचीचं नाव वर होतं, एवढंच. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, कंपनीच्या मुलाने सुरुवातीला नावं भरली तशी ती बसली होती. पूर्वी वहिनी नकळत तोल सांभाळायच्या. सकाळपासून एकीच्याच हातात काम गेलं, की पुढची बाई दुसरीकडे बसवायच्या. कोपरचीने महिनाभर काही म्हटलं नव्हतं. तिला वाटलं गिऱ्हाइकांनाच आपलं काम आवडेनासं झालं. आता यादी दर आठवड्याला उलटी करतात. हे मी विस्ताराने सांगते आहे, कारण ठकीसारखीला कामाला ठेवणाऱ्या कुणालाच ही खोड आधी दिसत नाही आणि तिचा भुर्दंड मालकाला कधीच पडत नाही.

तसाच पावसाळ्यातला प्रकार. मुंबईत पाऊस कोसळला, शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं, गाड्या जागच्या जागी. गाडीत अडकलेल्या बायकांना ठकी दर बुकिंगमागे बजावत होती, वेळेवर यावे. संध्याकाळी सगळ्यांच्या नावावर गैरहजेरी लागली. तीन गैरहजेऱ्या झाल्या की पुढच्या वेळी ती आगाऊ रक्कम मागते, तशी सोय आहे. त्या पावसाळ्यात सरळमार्गी बायकांना आगाऊ रकमेचे मेसेज गेले, आणि ज्या खरंच सांगून न येणाऱ्या आहेत त्या आरामात सुटल्या; त्या दर वेळी वेगळ्या नंबरवरून बुकिंग करतात.

ठकीचं घराणं मोठं आहे. २०१८ सालच्या मे महिन्यात गूगलच्या वार्षिक सोहळ्यात सुंदर पिचाई यांनी एक ध्वनिमुद्रण ऐकवलं. डुप्लेक्स नावाच्या मशीनने एका सलूनला फोन लावला, कुणा लिसासाठी केस कापायची वेळ मागितली, बाराची नाही म्हटल्यावर घासाघीस करून दहाची मिळवली, आणि पलीकडची बाई वही बघत असताना मधे माणसासारखा हुंकारही भरला. टाळ्या पडल्या. मग लोकांच्या लक्षात आलं, की त्या सलूनवालीला आपण मशीनशी बोलतोय हे सांगितलंच नव्हतं. ओरड झाली, आणि मशीन आपली ओळख आधी देईल असं गूगलने जाहीर केलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने छापलं, की डुप्लेक्सच्या कॉलपैकी सुमारे चतुर्थांश सुरुवातीपासून माणसंच करत होती. म्हणजे बाईला वाटत होतं माणूस बोलतोय तेव्हा मशीन, आणि आपल्याला वाटत होतं मशीन बोलतंय तेव्हा माणूस. तेव्हा मशीन गिऱ्हाइकाच्या बाजूने सलूनला फोन करत होतं. आमची ठकी काउंटरच्या या बाजूला बसली आहे. एक दिवस दोन्हीकडे मशीनच असतील आणि एकमेकींना ‘बोला ताई’ म्हणतील.

ओळख द्यायची ही गोष्ट वहिनींना कुठल्या कायद्याने नाही, एका आजींनी शिकवली. या आजी महिन्यातून एकदा केस कापायला येतात, कानाला जरा कमी आहेत. दिवाळीत त्या दोन डबे घेऊन आल्या. एक वहिनींना आणि मुलींना. दुसरा, चकल्या आणि बेसनाचे लाडू, ‘फोनवर बोलते ना, त्या मुलीला. कितीही वेळा विचारलं तरी चिडत नाही बिचारी. कुठे आहे ती?’ वहिनींनी जुन्या फोनकडे बघितलं आणि म्हणाल्या, आज सुट्टीवर आहे. डबा मुलींनी संपवला. दुसऱ्या दिवसापासून ठकी म्हणते, ‘बोला ताई, मी मशीन बोलतेय.’ आजींना ते ऐकू आलं का नाही, देव जाणे. त्या अजून तिची ख्यालीखुशाली विचारतात.

रात्री अकरानंतर मात्र ठकीचं खरं राज्य. भांडी आवरली, मुलांचे डबे काढून ठेवले, की बायका मेसेज करतात. त्या वेळी वहिनींना फोन करायचा संकोच वाटतो. ठकीचा कसला संकोच? आणि नुसती वेळ नाही विचारत. हनुवटीवर केस येतात, त्याला काय करावं? डिलिव्हरीनंतर केस गळतात, कलर चालेल का? वहिनींना आपण एवढे पैसे देतोय हे सासूबाईंना कळणार तर नाही ना? वहिनींच्या तोंडावर जे कधी विचारलं नसतं ते मशीनला विचारतात. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत एलायझा नावाचा अगदी साधा गप्पांचा प्रोग्राम लिहिला होता. त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीने, तो कसा बनला हे डोळ्यांसमोर पाहिलेलं असूनही, काही वेळ त्याच्याशी बोलल्यावर साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. आमच्या डोंबिवलीकरणी काही वेगळ्या नाहीत.

अशाच एका रात्री दीडला मेसेज आला: डिसेंबरचं ब्राइडल कॅन्सल करा, लग्न मोडलं. ठकीने उत्तर दिलं: ‘समजलं ताई. तुमचं ब्राइडल पॅकेज रद्द केलं आहे. नवीन तारीख आत्ताच घेतलीत तर दहा टक्के सूट.’ खाली फूल.

वहिनींनी ते सकाळी शटर उघडताना वाचलं. ब्राइडलचा ॲडव्हान्स परत मिळत नाही असं काउंटरवर लिहिलेलं आहे. तो त्यांनी दुकान झाडायच्या आत परत पाठवला. मग कंपनीच्या मुलाला फोन करून त्याची अशी काही हजेरी घेतली, की दोन्ही मुली पडद्याआड जाऊन उभ्या राहिल्या. आता मोडलं, वारले, दवाखाना, ॲडमिट असे शब्द आले, की ठकी पुढचं काही बोलत नाही. ती फक्त लिहिते, ‘वहिनींना सांगते.’ मला विचाराल तर तिला येणारं हे सर्वांत चांगलं वाक्य आहे.

ती दहा टक्के सूटही वहिनींनी कबूल केलेली नव्हती. मशीनने कुठल्यातरी जुन्या जाहिरातीतून उचलली होती. पण पुढे दुसऱ्या एका बाईने अशाच उत्तराचा स्क्रीनशॉट दाखवला तेव्हा वहिनींनी मुकाट्याने सूट दिली. त्यांनी बरोबर केलं. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका माणसाला त्याच्या आजीच्या मृत्यूनंतरच्या प्रवासात भाड्याची सवलत मागाहून मिळेल असं चुकीचं सांगितलं. कंपनीने हात झटकले. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे असा युक्तिवादसुद्धा केला. कॅनडातल्या न्यायाधिकरणाने २०२४ साली तो मानला नाही आणि पैसे द्यायला लावले. ठकी जे बोलते ते दुकान बोलतं.

तिच्या बोलकेपणालाही एक गणित आहे, म्हणून सांगते. व्हॉट्सॲपवर तुम्ही आधी मेसेज केलात, की चोवीस तासांच्या आतल्या तिच्या गप्पा फुकट. ती आपणहून बोलायला आली तर मेटा कंपनी दुकानदाराकडून मेसेजमागे पैसे घेते, आणि वेळेची आठवण स्वस्त, जाहिरात महाग. त्यामुळे ठकी तुमच्यापुढे तोंड उघडते ते विचार करून. मात्र तिच्यापुढे तुम्ही उघडलेलं तोंड कुठे जातं, हा प्रश्न वहिनींनी कंपनीला लेखी विचारला, आणि तो प्रत्येक छोट्या धंदेवाल्याने विचारावा. पार्लरची खरी मालमत्ता म्हणजे खुर्च्या नाहीत, शेकडो बायकांचे नंबर आणि कुणाच्या त्वचेला काय चालतं याची माहिती. पूर्वी एखादी मुलगी नोकरी सोडून गेली तर फार तर डायरीतले वीस नंबर घेऊन जायची. आता सगळी यादी भाड्याच्या घरात राहते. २०२३ साली झालेल्या डेटा संरक्षणाच्या कायद्यात ज्याची माहिती त्याची संमती आणि ठरल्या कामापुरताच वापर अशी तत्त्वं आहेत. ती पाळण्याची जबाबदारी वहिनींचीच, ठकी कुणाचीही असो.

गुढीपाडव्याला आमच्याकडे स्वागतयात्रा निघते. नऊवारी नेसवून घ्यायला आणि खोपा घालून घ्यायला बायका पहाटे साडेचारला पार्लरच्या दारात. दिवाळीच्या पहिल्या सकाळी सगळी तरुण डोंबिवली नटून फडके रोडवर उतरते, म्हणजे आदल्या दिवशी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नाही. ठकीच्या लेखी पार्लर दहाला उघडतं. या दोन दिवसांत वहिनी तिला सरळ सुट्टी देतात, डायरी काढतात आणि पेन्सिलीला टोक करतात. उरलेल्या वर्षात फोन ठकीने उचलावा, नाही म्हणायचं किंवा मधे बसवायचं ते वहिनींनी ठरवावं, अशी वाटणी झाली आहे, आणि ती बरी चालते. मेणाच्या हातांपायी चुकणारे फोन आता चुकत नाहीत. ठकीला काढून टाकायचा विषय निघत नाही.

आता तुम्हाला एक सांगायचं आहे. पार्लर असो, दाताचा दवाखाना असो, एसी दुरुस्तीवाला असो, अशी कुणी ठकी तुम्हाला वेळ देत असेल आणि जाणं जमणार नसेल, तर तिला तसं कळवा. मशीनला काय सांगायचं, असं म्हणून आपण कळवत नाही. माणसाला निदान लाजेपोटी कळवायचो. ‘येत नाही’ एवढं लिहिलं तरी तिला कळतं, ती चौकोन पांढरा करते आणि तो दुसरीला देते. नाही कळवलंत तर तिचं काही बिघडत नाही. त्या पाऊण तासाचं कमिशन कोपरचीचं जातं.